पिंपरीचं हॅमायसिन आणि तांबेरा-काणीवाले तिरुमलाचार: कुणी वाचलंय का यांच्याबद्दल?

जुना_पिंपरीकर

एच.ए. (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स) कॉलनी, एच.ए.ची शाळा, एच.ए.चं मैदान, आम्ही पिंपरीवाले हे नाव उठता बसता घेतो पण त्या कंपनीत आत नेमकं शोधलं काय गेलं असं विचारलं तर बहुतेक जण पेनिसिलिन म्हणून मोकळे होतात. अहो पेनिसिलिन तर आधीच शोधून झालं होतं, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली निघाली ती ते इथं बनवायला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत घेऊन, आणि १९५५ ला उत्पादन सुरू पण झालं. हा भाग सगळ्यांना थोडाफार ठाऊक असतो. पण त्याच आवारात एक रिसर्च विभाग होता आणि तिथे जी नवी औषधं सापडली त्यांच्यामागचा माणूस डॉक्टर नव्हता, केमिस्ट पण नव्हता, तो होता झाडांच्या रोगांचा अभ्यासक. मंडयम जीरसन्निधी तिरुमलाचार.

मूळचे कर्नाटकातले, जन्म १९१४ चा. अर्धं करिअर गेलं तांबेरा आणि काणी या रोगांच्या बुरशा ओळखण्यात. मुंडकूरांबरोबर मिळून भारतातल्या काणीच्या बुरशांवर एक मोठा ग्रंथ केला, तो १९५२ ला इंग्लंडात क्यूच्या मायकॉलॉजी संस्थेनं छापला. बनारस हिंदू विद्यापीठात होते, बटाटा संशोधन संस्थेत पण होते, आणि मग थेट पिंपरीच्या औषध कारखान्यात रिसर्चचे प्रमुख! तिथून हॅमायसिन, ऑरिओफंजिन, डर्मोस्टॅटिन, अँटिअमीबिन अशी रांगच लागली. हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध १९६१ ला जाहीर झालं, भारतात सापडलेलं पहिलं अँटिबायोटिक म्हणून त्याचाच उल्लेख होतो, आणि ज्या जंतूपासून मिळालं त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. म्हणजे आपलं गाव कायमचं शास्त्रीय नावात जाऊन बसलंय.

मला प्रश्न एवढाच पडलाय की गव्हाच्या पानावरचा तांबेरा बघणारा माणूस माणसाच्या औषधापर्यंत पोचला कसा, आणि पोचला तर आपल्याला त्याचं नाव का माहीत नाही. जाणकारांनी लिहा.

निवांत

वाचतोय. हॅमायसिन लहानपणी ऐकल्यासारखं वाटतंय, तोंड आल्यावर लावायचे तेच का?

जुना_पिंपरीकर

हो, पातळ सस्पेन्शन यायचं. तोंडातल्या पांढऱ्या बुरशीला, कानातल्या बुरशीला, बायकांच्या कँडिडा या बुरशीच्या त्रासाला वापरायचे.

लॅबवाली

धागा बघून राहवलं नाही, मायक्रोबायॉलॉजीत आयुष्य गेलंय माझं. "पोचला कसा" याचं उत्तर वाटतं तेवढं अवघड नाहीये.

आधी एक गोष्ट साफ करूया, स्ट्रेप्टोमायसिस ही बुरशी नाही, तो बॅक्टेरिया आहे. पण दिसतो मात्र बुरशीसारखा, धागे धागे, वर पिठूळ थर, त्यावर बीजाणूंच्या माळा. पहिल्या पावसाचा मातीचा वास येतो ना तो मुख्यतः याच मंडळींचा. आणि त्यामुळे झालं असं की हे जंतू ओळखायला नजर लागायची ती बुरशीवाल्याची. माळ सरळ आहे की मळसूत्रासारखी वळलेली आहे, फांद्या एका ठिकाणाहून चक्राकार फुटतात का, थराचा रंग कुठला, ज्या खाद्यावर वाढवतो त्यात रंग उतरतो का, असल्या बारकाव्यांवर तेव्हा जाती ठरायच्या. जनुकं वाचायची सोय नव्हतीच. आता ज्या माणसानं वर्षानुवर्षं काणीचे बीजाणू मायक्रोस्कोपखाली धरून ही वेगळी ती वेगळी असं ठरवलंय त्याला हे काम म्हणजे नेहमीचंच की.

दुसरं म्हणजे पद्धत. माती आणायची, पाण्यात पातळ करत करत प्लेटवर पसरायची, ज्या कॉलन्या (जंतूंचे ठिपके) स्ट्रेप्टोमायसिससारख्या दिसतील त्या वेगळ्या वाढवायच्या, मग त्यांच्याशेजारी कँडिडा किंवा अ‍ॅस्परजिलस ही बुरशी लावायची आणि बघत बसायचं कुणाभोवती बुरशी न वाढलेलं मोकळं रिंगण पडतंय. शेकडो कॉलन्यांत एखादी कामाची. त्या एखादीतून जे निघेल ते पण बहुतेक वेळा आधीच कुणाला तरी सापडलेलं असतं, हा या धंद्यातला खरा मनस्ताप. म्हणून जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे पटकन ओळखणारा माणूस प्रयोगशाळेत असणं फार महत्त्वाचं.

बुरशीविरोधी औषधांच्या या घराण्याला पॉलिईन म्हणतात. त्यांची एक सोय आहे, अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात बघितलं की ठरावीक तीन टोकं दिसतात आणि त्यांवरून रेणूत दुहेरी बंधांची साखळी केवढी आहे ते कळतं. चारवाले टेट्राईन, सातवाले हेप्टाईन. हॅमायसिन आणि ऑरिओफंजिन दोन्ही हेप्टाईन.

शंकासुर

चांगली माहिती पण जरा सबुरीनं घ्या लोकहो. "भारतातलं पहिलं" वगैरे ठीक आहे पण हॅमायसिन हे जपान्यांच्या ट्रायकोमायसिनच्या फार जवळचं आहे आणि ट्रायकोमायसिन १९५२ चं आहे. त्याच्याही आधी १९५० ला अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघींनी निस्टॅटिन शोधलं होतं. म्हणजे वाट मळलेली होती. आणि खरंच इतकं भारी औषध होतं तर २०२१ मध्ये म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) साथीच्या वेळी आपल्याकडे अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक दारोदार फिरत होते तेव्हा हे पिंपरीचं औषध कुठे होतं?

एक_एमडी

शंकासुर, प्रश्न रास्त आहे, तिरकस असला तरी. उत्तर देतो.

पॉलिईन औषधं बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतात, आवरण गळकं होतं, पेशी मरते. आपल्या पेशीत अर्गोस्टेरॉलऐवजी कोलेस्टेरॉल असतं म्हणून आपण वाचतो, पण दोन्ही रेणू भाऊभाऊच असल्यामुळे पूर्णपणे वाचत नाही, अ‍ॅम्फोटेरिसिन हे पॉलिईन दिलं की किडनीवर डोळा ठेवावा लागतो तो त्यामुळेच. दुसरी अडचण अशी की ही औषधं पाण्यात विरघळत नाहीत आणि पोटातून घेतली तर रक्तात नीट उतरत नाहीत. अ‍ॅम्फोटेरिसिनचं नशीब असं की त्याला डीऑक्सिकोलेट या क्षाराबरोबर मिसळून शिरेतून देता येईल असं रूप मिळालं, पुढे लायपोसोमवालं (चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं) आलं, ज्याच्यासाठी २०२१ मध्ये रांगा लागल्या होत्या.

हॅमायसिनच्या बाबतीत साठच्या दशकात अमेरिकेतसुद्धा ब्लास्टोमायकोसिससारख्या आतल्या बुरशीच्या आजारात तोंडावाटे देऊन बघितलं होतं. पण ते शेवटी वरून लावायचं औषध म्हणूनच राहिलं. नव्वदच्या दशकात बच्छावत या शास्त्रज्ञांच्या गटानं हॅमायसिन लायपोसोममध्ये भरून उंदरांवर अ‍ॅस्परजिलोसिस या बुरशीच्या आजारासाठी प्रयोग केले, निकाल वाईट नव्हते, पण तोपर्यंत बाजारात अ‍ॅझोल गटातली रासायनिक बुरशीविरोधी औषधं येऊन बसली होती आणि अ‍ॅम्फोटेरिसिन पण स्थिरावलं होतं. तर औषध नापास झालं असं मी म्हणणार नाही, शोध आणि इंजेक्शनची बाटली यांच्यामध्ये जे काम लागतं, फॉर्म्युलेशन, चाचण्या, पैसा, ते त्या प्रमाणात झालं नाही. तो दोष बुरशीशास्त्रज्ञाचा धरता येत नाही.

बाय द वे तिरुमलाचारांना भटनागर पुरस्कार मिळाला तो वैद्यकशास्त्र विभागात. वनस्पती-रोगवाल्या माणसाला! आमच्या कॉलेजात कुणी कधी सांगितलं नाही हे.

बागाईतदार

आमच्या डाळिंबाला तेल्या आला की आम्ही स्ट्रेप्टो मारतो ते पिंपरीचंच की. स्ट्रेप्टोसायक्लीनची ती छोटी पुडी, सीओसीबरोबर (कॉपर ऑक्सिक्लोराइड) टाकीत. मग ते पण यांनीच शोधलं का? आणि ऑरिओफंजिन म्हणजे तेच का वेगळं? आमच्याकडे करप्याला पण मारतात काहीजण, भुरीला पण मारतात, दुकानदार देतो म्हणून.

भुरी_केवडा

बागाईतदार दादा, हे दोन पूर्ण वेगळे प्रकार आहेत आणि हा घोळ सगळीकडे आहे म्हणून सविस्तरच लिहितो, मी कृषी खात्याशी संबंधित कामात होतो.

स्ट्रेप्टोसायक्लीन म्हणजे ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लीन. दोन्ही दुसऱ्यांनी शोधलेली, पिंपरीनं शेतीसाठी पुडीत आणलेली. ती चालतात फक्त बॅक्टेरियावर. तेल्या हा झँथोमोनास या बॅक्टेरियाचा रोग, लिंबावरचा खैऱ्या पण त्याच घराण्यातला, तिथं तिचा उपयोग. करपा, भुरी, केवडा, तांबेरा यांवर स्ट्रेप्टो मारणं म्हणजे पैसे पाण्यात, वर मातीतल्या आणि पानावरच्या निरुपद्रवी बॅक्टेरियांना फुकटचा मार आणि जे वाचतील ते निर्ढावलेले. दुकानदारानं काहीही सांगू दे.

ऑरिओफंजिन याच्या बरोब्बर उलट. ते फक्त बुरशीवर. १९६४ ला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्याच बुलेटिनमध्ये तिरुमलाचार, रहाळकर, सुकापुरे, गोपालकृष्णन असा तो पेपर आला. आणि इथं तिरुमलाचारांचं जुनं शिक्षण खरं कामाला आलं असं माझं मत. औषध कंपनीतला दुसरा कुणी असता तर म्हणाला असता हेप्टाईन सापडलं, माणसावर बघा, जमत नसेल तर द्या सोडून. पण यांना लगेच पिकं दिसली. बियाणं भिजवून बघ, पानावर फवार, मुळांना दे, भाताचा करपा, सफरचंदाची भुरी, संत्र्याचा डिंक्या, असं सगळीकडे लावून बघितलं. आणि ते पिकाच्या आत शोषलं जाऊन फिरतं, म्हणजे आंतरप्रवाही आहे, असं यांच्या गटानं दाखवलं. साठच्या दशकात आंतरप्रवाही बुरशीनाशक ही नवलाची गोष्ट होती बरं का! तेव्हा शेतकऱ्याच्या हातात काय होतं, बोर्डो मिश्रण, गंधक, पाऱ्याची औषधं बियाण्याला, बहुतेक असलंच.

मग चाललं का नाही? एक तर पॉलिईन रेणू उन्हात टिकत नाहीत, आणि आपलं ऊन काय असतं ते सांगायला नको. दुसरं म्हणजे वेळ. साठच्या दशकाच्या शेवटी बेनोमिल आलं, मागोमाग कार्बेन्डाझिम, आंतरप्रवाही, रासायनिक आणि किमतीला परवडणारं. टाकीत जंतू वाढवून, गाळून, सुकवून काढलेलं औषध त्याच्यापुढे कुठे टिकणार. ऑरिओफंजिन विकलं गेलं, वापरलं गेलं, पण मुख्य औषध कधी झालं नाही.

जपानकडे बघा म्हणजे फरक कळेल. भाताच्या करप्याला तिथं पाऱ्याची औषधं मारायचे, ती बंद करायची होती म्हणून ब्लास्टिसिडिन, मग १९६५ ला नारा इथल्या कासुगा देवळाच्या आवारातल्या मातीतून कासुगामायसिन, पुढे व्हॅलिडामायसिन. सरकार, कंपन्या, विद्यापीठं सगळी एका दिशेनं. कासुगामायसिन आणि व्हॅलिडामायसिन आजही आपल्या कृषी सेवा केंद्रात मिळतात! पिंपरीचं ऑरिओफंजिन मागा, दुकानदार तोंडाकडे बघेल.

बागाईतदार

व्हॅलिडा भाताला मारतात ते माहीत आहे, ते पण मातीतल्या जंतूचं हे माहीत नव्हतं. बरं स्ट्रेप्टो बंद होणार होतं त्याचं काय?

भुरी_केवडा

डिसेंबर २०२१ ला केंद्रानं शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लीनवर बंदीचा मसुदा काढला होता, कारण स्ट्रेप्टोमायसिन माणसाच्या टीबीला पण लागतं. खरेदीच्या आधी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना सध्याचा नियम विचारा, धाग्यावर विसंबू नका. आणि तेल्याचं म्हणाल तर स्वच्छ रोपं, बागेची स्वच्छता आणि बहार कुठला धरताय यावर निम्मा निकाल ठरतो, पावसाळ्यातला मृग बहार धरला की तेल्याला आमंत्रणच.

शंकासुर

म्हणजे बघा, मी म्हणत होतो तेच. शेतात अँटिबायोटिक मारायची कल्पनाच मुळात घातक आणि तिरुमलाचारांसारख्यांनीच ती इथं रुजवली. आज रेझिस्टन्स रेझिस्टन्स म्हणून बोंब आहे.

लॅबवाली

हे सरसकट म्हणणं नाही पटत. बॅक्टेरियाविरोधी औषधांबाबत तुमचा मुद्दा बरोबर. पण पॉलिईनला बुरशी सहजासहजी दाद देईनाशी होत नाही, कारण त्यासाठी तिला आवरणाचा मूळ घटकच बदलावा लागतो आणि तसं केलं की ती स्वतःच कमजोर होते. उलट शेतात रासायनिक अ‍ॅझोल फवारल्यामुळे अ‍ॅस्परजिलस अ‍ॅझोलला निर्ढावला आणि मग ते रुग्णांमध्ये दिसलं, हे नेदरलँड्समधून चांगलं नोंदवलं गेलंय. म्हणजे "मातीतलं" असो की "रासायनिक", प्रश्न हा की माणसाला आणि पिकाला एकच रेणू देताय का.

आणि १९६४ च्या माणसाला आजच्या चष्म्यातून झोडपू नका हो.

शंकासुर

ठीक. पॉलिईनचा मुद्दा मान्य. स्ट्रेप्टोवर मी ठाम.

पानगळ

धाग्याचा विषय करिअर असा आहे म्हणून एक जोडी सुचवते, कारण तिरुमलाचार एकटे नाहीत. बेंजामिन डगर नावाचे अमेरिकन होते, जन्म १८७२. वनस्पतींच्या बुरशीजन्य रोगांवर १९०९ साली पुस्तक लिहिलं, तिकडच्या पहिल्या पाठ्यपुस्तकांपैकी. आयुष्यभर प्राध्यापकी केली, विस्कॉन्सिनमधून १९४३ ला सत्तरी ओलांडल्यावर निवृत्त झाले. बागेत खुर्ची टाकून बसायचं वय. हे गेले लेडर्ली नावाच्या औषध कंपनीत! तिथे मातीचे नमुने मागवायचे, त्यात मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबर्न फील्ड या जुन्या प्रयोगाच्या शेतातली माती होती, त्यातून सोनेरी रंगाचा एक स्ट्रेप्टोमायसिस मिळाला आणि १९४८ ला ऑरिओमायसिन जाहीर झालं. टेट्रासायक्लीन घराण्यातलं पहिलं औषध. म्हणजे बागाईतदारांच्या पुडीतल्या त्या १० टक्क्यांचा मूळपुरुष पण एक झाडांचा डॉक्टरच.

डगरना मोठी खाजगी कंपनी मिळाली, तिरुमलाचारांना नुकती उभी राहिलेली सरकारी कंपनी मिळाली. नजर दोघांची एकाच तालमीतली.

जुना_पिंपरीकर

क्या बात! पानगळ ताई हे भारीच. वाचनखूण साठवली.

बाकी मुंडकूरांबद्दल कुणाला माहीत असेल तर लिहा ना, सारखं नाव येतंय.

भुरी_केवडा

बी. बी. मुंडकूर म्हणजे भारतीय वनस्पतीरोग शास्त्रज्ञांची संघटना १९४७ ला उभी करणारे गृहस्थ. तिरुमलाचार वयानं लहान, पण दोघांनी मिळून तांबेऱ्याच्या प्रजातींवर त्या संघटनेच्या मासिकात लेखमाला केली, मग तो काणीचा ग्रंथ. त्याच्याही आधी १९४४ ला तिरुमलाचारांनी काणीची एक नवी प्रजाती वर्णन केली आणि तिला मुंडकुरेला हे नाव दिलं. ग्रंथ आला त्याच वर्षी, १९५२ ला, मुंडकूर गेले.

यात मला सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू का, हे वर्गीकरणाचं काम म्हणजे बाहेरच्याला अतिशय कंटाळवाणं. सुकवलेली पानं, लेबलं, बीजाणूची लांबी रुंदी, लॅटिन वर्णन. आजकाल त्याला ना फंडिंग ना पोरं मिळत. आणि तरी पुढे औषध शोधताना हीच शिदोरी उपयोगी पडली.

लॅबवाली

अगदी. आणि पिंपरीत गेल्यावर पण हे काम सुटलं नव्हतं त्यांचं. पाध्ये आणि तिरुमलाचार यांचा १९६८ चा एक छोटा पेपर आहे, भारतातल्या मातीतून मदुरेला ही बुरशी वेगळी केल्याचा. मदुरा फूट नावाचा आजार होतो ना, अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायात काटा रुततो आणि मग वर्षानुवर्षं पाय सुजत जातो, काळे दाणे बाहेर पडतात, त्याची बुरशी. रुग्णाच्या पायात दिसायची, ती मातीत आहे हे दाखवणं महत्त्वाचं होतं. हे असलं काम औषध कंपनीच्या आवारात चालायचं याचं आजही अप्रूप वाटतं. अरविंद पाध्ये पुढे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेत गेले आणि वैद्यकीय बुरशीशास्त्रात मोठं नाव झालं.

आता "नाव का माहीत नाही" याचं एक साधं कारण सांगते, हे बहुतेक महत्त्वाचे पेपर छापले कुठे, तर कंपनीच्याच हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिनमध्ये. तेव्हा ते परदेशात पण वाचलं जायचं, संदर्भ दिले जायचे, पण आज गुगलून बघा, नुसती शीर्षकं मिळतात, आतलं पान नाही.

निवांत

नंतर काय झालं त्यांचं?

जुना_पिंपरीकर

अमेरिकेत गेले. कॅलिफोर्नियात वॉलनट क्रीकला जीरसन्निधी-अँडरसन इन्स्टिट्यूट म्हणून संस्था काढली. गंमत म्हणजे १९७७ ला परत बटाट्यावर पेपर आहे, ओब्रायन यांच्याबरोबर, बटाट्याची कोळशी कूज (चारकोल रॉट) एका उपयोगी बॅक्टेरियानं रोखता येते का यावर. औषधांची एवढी वर्षं झाली आणि माणूस फिरून बटाट्यावर. १९९९ ला वारले. इकडे कंपनी पण नव्वदनंतर आजारीच पडली, पुढचं पेपरात सगळ्यांनी वाचलंय.

एक_एमडी

बायोकंट्रोल १९७७ मध्ये? आज ज्याला सगळे जैविक जैविक करतात ते.

भुरी_केवडा

हो, तत्त्व तेच. पिंपरीत जंतूनं बनवलेलं औषध काढून फवारत होते, इथे जंतूच शेतात सोडायचा आणि त्याला तिथेच राबू द्यायचं.

रेणूबाज

उशिरा आलो. अँटिअमीबिनवर कुणीच काही लिहिलं नाही म्हणून हजेरी लावतो, कारण माझ्या पीएचडीशी संबंध आहे, मी पेशींच्या आवरणांवर काम करतो.

हे १९६८ चं, आणि हे मात्र खऱ्या बुरशीतून आलेलं, स्ट्रेप्टोमायसिस नाही. त्यातल्या एका बुरशीचं नाव एमेरिसेलॉप्सिस पूनेन्सिस आणि दुसरीचं सेफॅलोस्पोरियम पिंप्रिना, म्हणजे पुणे पिंपरी दोन्ही खूष. अमीबा आणि कृमींवर औषध म्हणून पुढे आणलं होतं, औषध म्हणून काही ते गाजलं नाही. पण रेणू अफलातून आहे. १६ घटकांची छोटीशी साखळी, त्यात एक असं अमिनो आम्ल वारंवार येतं जे नेहमीच्या प्रथिनांत नसतंच, आणि त्यामुळे ती साखळी ताठ राहून आवरणात घुसते आणि आयनांना वाट करून देते. १९९८ ला तिची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. आमच्यासारखे लोक आयन आवरणातून कसे जातात हे समजायला ती वापरतात, आजही केमिकल कंपन्यांच्या कॅटलॉगात मिळते.

जुना_पिंपरीकर

म्हणजे पिंपरीचा माल अजून चालू आहे म्हणा की!

रेणूबाज, त्या १६ घटकांच्या साखळीवर स्वतंत्र धागा काढा, सोप्या मराठीत. आणि लॅबवाली, बुलेटिनचे जुने अंक पुण्यात कुठल्या लायब्ररीत असतील असं वाटतं?

लॅबवाली

विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि आघारकर संस्थेत आधी विचारा. आघारकरला आजरेकरांच्या नावाचं बुरशांचं हर्बेरियम पण आहे, परवानगी घेऊन ते नक्की बघून या, तांबेऱ्याची सुकवलेली पानं कशी जपतात ते कळेल. अंक मिळाले तर १९६१ आणि १९६४ चे आधी मागा.

जुना_पिंपरीकर

जातो. मिळाले तर मथळे तरी इथे टाकतो.

शंकासुर

१९६८ चा पण घ्या, ट्रायकोमायसिनशी तुलना कुणी केली होती का तेही बघा जरा.